मदत हवी आहे: डॉर्सेटमधल्या दोन शेजारगावांत एकाच नावाचे दोन बाप्तिस्मे, आमचा पूर्वज कोणता?

नमस्कार मंडळी,

मी मूळची नाशिकची. लग्न होऊन इंग्लंडात आले त्याला १९ वर्षं झाली. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. त्यांच्या माहेरचं घराणं डॉर्सेट काउंटीतल्या ब्लॅकमोर व्हेलमधलं, स्टर्मिन्स्टर न्यूटनच्या आसपासच्या खेड्यांतलं, पिढ्यान्‌पिढ्या शेतमजुरी करणारं. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्या घरात अडकून पडल्या. तेव्हा दोघींनी मिळून त्यांच्या वडिलांच्या बाजूचे पूर्वज शोधायला घेतले. आता त्यांच्या खापरपणजोबांपाशी येऊन तीन महिने अडकलोय.

आमच्या घरची वंशावळ मला आयती मिळाली होती. त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या चोपड्यात माझ्या खापरपणजोबांची मोडीतली सही मी स्वतः पाहिली आहे, वरखाली सगळी भावंडं, मुलं, गावाचं नाव. इथे तसा एकच एक चोपडा नाही. १५३८ पासून प्रत्येक पॅरिशच्या (एका चर्चच्या हद्दीतल्या गावाच्या) चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवायची असा हुकूम होता, पण नोंद त्या त्या गावापुरती. माणूस दोन मैल पलीकडे कामाला गेला की दुसऱ्या वहीत जातो.

जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली, त्यामुळे तिथपर्यंतचं काम सरळ झालं. सरकारी जन्मनोंदींच्या ऑनलाइन सूचीत आता आईचं माहेरचं आडनावही दिसतं, त्यावरून खापरपणजोबांची सगळी मुलं लागली. घोळ त्याच्या आधीचा आहे. हाताशी आहे ते असं (आडनाव देत नाही, नातेवाईक हयात आहेत; गावांना वरचं आणि खालचं म्हणते):

लग्न १८३४ साली खालच्या गावात. सरकारी नोंदणीच्या तीनच वर्षं आधी! त्यामुळे दोघांच्याही वडिलांचं नाव नाही, नुसतं 'याच पॅरिशचे' एवढंच. सहीच्या जागी दोघांच्या फुल्या. तिची फुली बारीक आणि नीट आहे. त्याची एक रेघ जोरात दाबलेली, दुसरी अर्ध्यात सुटलेली, आणि शेवटी शाईचा ठिपका. सासूबाई स्क्रीनवर ती फुली मोठी करून कितीतरी वेळ बघत होत्या.

१८४१ च्या जनगणनेत वय २५, जन्म याच काउंटीत. गाव लिहायची पद्धत तेव्हा नव्हती.
१८५१: वय ३८, जन्म खालच्या गावचा. बायको बटणं करणारी.
१८६१: वय ४९, जन्म वरच्या गावचा! बायको आता हातमोजे शिवणारी.

(बायकोचा धंदा का बदलला ते मात्र कळलं. पितळी तारेच्या कड्यावर तागाचा दोरा गुंडाळून बटणं करायचा घरगुती धंदा या भागात बायकांच्या हातात होता. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात बटणं करायचं यंत्र आलं आणि तो धंदा बुडाला. सासूबाईंकडे तसं एक बटण आहे, करंगळीच्या नखाएवढं, चाकासारखे आरे असलेलं. कुणी केलं ते त्यांनाही ठाऊक नाही.)

आणि बाप्तिस्मे दोन, नाव-आडनाव अगदी तेच:

वरचं गाव, नोव्हेंबर १८११. आईवडील दोघांची नावं.
खालचं गाव, मे १८१३. फक्त आईचं नाव, आडनाव तेच. व्यवसायाच्या रकान्यात 'अविवाहित स्त्री', आणि मुलाच्या नावापुढे 'अनौरस'.

घरातले सगळे म्हणतात, आईबाप दोघं आहेत तेच धरा आणि पुढे चला. मला ते पटत नाही. चुकीच्या माणसाच्या मागे जाऊन दोनशे वर्षांचं झाड उभं केलं तर ते दुसऱ्याचं घराणं झालं. कुणी इंग्लंडातल्या खेड्यांच्या नोंदींवर काम केलंय का? पुढे काय बघू?

प्रतिसाद

ताई, थांबलात ते फार चांगलं केलंत. मी नवऱ्याच्या नॉरफोकच्या घराण्यावर सहा वर्षं काम केलंय आणि नेमकी हीच घाई करून एक अख्खी शाखा पुसावी लागली.

वयांवर निर्णय होणार नाही. १८४१ ला पंधराच्या वरच्यांची वयं पाचच्या पटीत खाली आणायची सूचना होती, म्हणजे २५ चा अर्थ २५ ते २९. तुमची दोन्ही मुलं त्यात बसतात. ५१ चं ३८ एकाला जुळतं, ६१ चं ४९ दुसऱ्याला.

आधी दफनं बघा. जन्म शोधताना लोक मृत्यू बघायचेच विसरतात. दोन्ही गावांची दफनाची रजिस्टरं १८११ पासून १८४१ पर्यंत पान न पान वाचा, नुसती सूचीत शोधू नका. १८१३ पासून छापील रकान्यांची रजिस्टरं आली, त्यात वय आणि राहण्याचं ठिकाण असतं, म्हणजे तुम्हाला सोपं आहे. आडनावाचं स्पेलिंग सैल ठेवा. डॉर्सेटच्या बोलीत फ चा व होतो आणि स चा झ, पाद्री बाहेरचा असला की कानाला पडेल तसं लिहायचा.

दुसरं, वरच्या गावच्या जोडप्याची पुढची मुलं बघा. मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव द्यायची रीत होती. १८११ नंतर त्यांच्याकडे त्याच नावाचा मुलगा पुन्हा आला असेल तर पहिला बहुतेक गेला.

तिसरं, अनौरस म्हणून त्या मुलाची वाट बंद होत नाही, उलट त्याच्याबद्दल कागद जास्त असू शकतात. १८३४ च्या आधी गरिबांना पोसायचा खर्च पॅरिशच्या पट्टीतून व्हायचा आणि अनौरस मूल जिथे जन्मलं त्याच पॅरिशच्या गळ्यात पडायचं. म्हणून ओव्हरसियर (पॅरिशमधल्या गरिबांच्या खर्चाचा हिशोब बघणारे) लोक आईला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करून बापाचं नाव वदवून घेत, आणि त्या माणसावर दर आठवड्याची रक्कम बसवत. हे कागद चर्चच्या पेटीत असत, आता काउंटीच्या अभिलेखागारात असतात. तुमच्यासाठी डॉर्चेस्टरचं डॉर्सेट हिस्टरी सेंटर. रजिस्टरं ऑनलाइन मिळतात म्हणून लोक तिथे जात नाहीत, पण ओव्हरसियरचे सगळे कागद ऑनलाइन मिळतीलच असं नाही, त्यांच्यासाठी जाणं चांगलं.

आणि त्या आईचं पुढे लग्न झालं का? वरच्या गावात झालं असेल तर मुलगा तिथे वाढला असणार, आणि ६१ साली विचारल्यावर त्याने तेच गाव सांगितलं असणार.

प्रतिसाद

वरच्या सूचनांत एक भर. १८३४ च्या लग्नाला साक्षीदार कोण होते? एकच नाव पानोपानी दिसत असेल तर तो चर्चचा कारकून, सोडून द्या. एकदाच दिसणारं नाव असेल तर ते घरातलं माणूस असू शकतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. गेले नऊ दिवस रोज रात्री बसून वाचलं.

वरच्या गावात मार्च १८१५ ला दफन, तेच नाव, वय ३. आणि त्याच जोडप्याने १८१७ साली पुन्हा त्याच नावाच्या मुलाचा बाप्तिस्मा केला आहे. हा १८१७ चा मुलगा आमचा असू शकत नाही: १८४१ ला तो २३-२४ चा, म्हणजे नोंद २० ची झाली असती, आणि १८३४ ला लग्नाच्या वेळी सतरा वर्षांचा.

म्हणजे आमचा तो खालच्या गावचा, अविवाहित आईचा.

त्या आईचं लग्नही सापडलं. वरच्या गावात, १८१९ साली, मुलगा सहा वर्षांचा असताना. १८३४ च्या साक्षीदारांपैकी एक नाव कारकुनाचं होतं. दुसरं याच सावत्र वडिलांचं आहे, फुलीसकट.

सासूबाईंना कसं सांगावं म्हणून मी दोन दिवस गप्प होते. त्यांच्या पिढीत या गोष्टी बोलत नसत. शेवटी रजिस्टरचं पान समोर ठेवलं आणि शब्द न गाळता वाचून दाखवलं. त्यांनी आईचं नाव मला पुन्हा वाचायला लावलं. मग त्यांच्या वडिलांच्या जुन्या बायबलच्या पहिल्या पानावर, सगळ्या नावांच्या वर, स्वतःच्या हाताने ते नाव लिहिलं. बाजूला बापासाठी जागा सोडली आहे.

पुढच्या महिन्यात त्यांना घेऊनच डॉर्चेस्टरला जाते आहे. अजून एवढं सांगा: कागद आधी मागवून ठेवायचे असतील तर ओव्हरसियरचे हिशोब आणि अनौरस मुलांबद्दलचे कागद वेगवेगळे मागायचे का? आणि त्या आईने जबाब वरच्या गावात दिला असण्याची शक्यता असेल तर दोन्ही पॅरिशचे मागवू का? त्या फार वेळ बसू शकत नाहीत, म्हणून एका दिवसात काय आधी बघायचं ते ठरवून जायचंय.