लिंबावर येणारं मोठं पिवळं-काळं फुलपाखरू कोणतं?

प्रश्न (फैजपूर, ता. यावल)
परसात कागदी लिंबाचं दोन वर्षांचं झाड आहे. पोळा झाल्यापासून रोज दुपारी एक तळहाताएवढं फुलपाखरू त्यावर घिरट्या घालतं. काळ्यावर पिवळे ठिपके, मागच्या पंखाच्या कोपऱ्यात विटकरी डाग, शेपटी नाही. घाणेरीच्या फुलावर बसलं तरी फडफड थांबत नाही, म्हणून फोटो सगळे हललेले. मुलगी म्हणते, हे भारतातलं सर्वांत मोठं बर्डविंग. आपल्या केळीच्या पट्ट्यात ते येतं का? आणि कोवळी पानं कुरतडलेली आहेत, त्यांवर पाखराच्या विष्ठेसारखं काहीतरी चिकटलंय, धुतलं तरी जात नाही. घरचे उद्या फवारणी करायची म्हणताहेत.

उत्तर १ (निवृत्त शिक्षक, जळगाव)
ताई, उद्याची फवारणी थांबवा! ती विष्ठा नाही, त्याच फुलपाखराच्या लहान अळ्या आहेत. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून त्यांचं रूप तसं असतं. मोठ्या झाल्या की हिरव्या होतात. हे लाइम बटरफ्लाय. स्वॉलोटेल म्हणजे शेपटीवाल्यांच्या कुळातलं, पण याला शेपटी नसते. पंख पसरून 8 ते 10 सेंमी. सदर्न बर्डविंग 14 ते 19 सेंमीचं, सह्याद्रीच्या दमट रानातलं. त्याच्या अळ्या ईश्वरीच्या वेलावर वाढतात, लिंबावर नाही. मुलीला हेही सांगा की 2020 मध्ये सर्वांत मोठं असण्याचा मान हिमालयातल्या गोल्डन बर्डविंगकडे गेला. ते 194 मिमी भरलं. खात्री करायची तर हिरव्या अळीला काडीने हलकेच डिवचा. डोक्यामागून दोन शिंगांसारखा लालसर अवयव बाहेर येईल आणि उग्र वास सुटेल.

उत्तर २ (शेतकरी, चोपडा)
गुरुजींचं बरोबर. पण झाड लहान आहे, मोठ्या अळ्या चार-पाच असल्या तरी फांद्या उघड्या पाडतात. माझी रोपं मी अशीच गमावली आहेत. अळ्या हाताने उचला आणि बेलावर किंवा कढीपत्त्यावर सोडा, तिथेही त्या वाढतात. मोठ्या झाडाला काही होत नाही.

प्रश्नकर्ती
शिंगं दिसली, वासही आला! सहा अळ्या मोठ्या मायच्या दारातल्या बेलावर नेल्या, एक लिंबावरच ठेवली. तिने कमरेला रेशमाचा धागा बांधून फांदीवर कोष केलाय, अगदी पानासारखा हिरवा. मुलगी शाळेतून आली की दप्तर न ठेवता आधी तिकडे जाते.

प्रश्नकर्ती (नऊ दिवसांनी)
आज सकाळी सातच्या सुमारास बाहेर आलं. पंख ओले, चुरगळलेले होते. तासाभराने भिंतीवरून केळीच्या बागेकडे गेलं.