मदत हवी आहे: एक खाडा झाला की सगळंच बंद पडतं

शेवग्याची_शेंग: वैतागलेय स्वतःलाच. जानेवारीपासून ही पाचवी सुरुवात. ठरवलेलं साधंच आहे, पहाटे साडेपाचला 24 सूर्यनमस्कार, दिवसभरात 10,000 पावलं, साखर बंद, रात्री आठनंतर तोंडात काही नाही. 11 दिवस एकदम कडक जातात, बाराव्या दिवशी उठायला साडेसहा झाले की झालं, मग आजचा दिवस गेलाच म्हणून ऑफिसखाली वडापाव, संध्याकाळी चहात दोन चमचे साखर, आणि आता एक तारखेपासूनच नीट करू असं म्हणत उरलेला महिना जातो. एक तारीख चार दिवसांवर आलीय, लवकर सांगा. "मन खंबीर करा" वगैरे नको प्लीज.

टेकडीवाला: वय? वजन? गुडघे? काहीच लिहिलं नाहीये. मी 6 वर्षं पर्वती चढतोय, 103 पायऱ्या, वही नाही हिशोब नाही. पर्वती चढा.

शेवग्याची_शेंग: 38, गुडघे ठीक आहेत. मी नाशिकला असते हो.

टेकडीवाला: मग पांडवलेणी चढा.

दोनच_वेळा: दीक्षित सरांचं करा. दोनदा जेवण, प्रत्येकी 55 मिनिटांच्या आत, आणि 45 मिनिटांत साडेचार किमी चालणं. विषय संपला. माझे 9 किलो गेले.

फोडणी: आले! आता दिवेकरवाले दर दोन तासांनी खायला सांगायला येतील, धागा शंभरी गाठणार. अहो त्यांना नियम कमी पडत नाहीयेत, जास्त झालेत.

दोनच_वेळा: तुम्ही करून बघितलंय का? नसेल तर बोलू नका.

आकडेमोड: 10,000 चं ओझं उतरवा आधी. 1965 च्या सुमाराला जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकायला आणलं, त्याचं नावच 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. तिथून तो आकडा जगभर गेला. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना *आठवड्याला* 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. आणि 2010 चा लंडनचा एक अभ्यास आहे, सवय अंगवळणी पडायला कुणाला 18 दिवस तर कुणाला 254 च्या आसपास, मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. तुम्ही बाराव्या दिवशीच स्वतःला नापास करताय. बाय द वे साडेपाचच का?

मॅटवाला: मॅट 6 मिमीची घ्या. 4 मिमीवर गुडघा टेकताना टोचतं.

शेवग्याची_शेंग: मुलाची व्हॅन 7:10 ला येते, त्याआधी दोन डबे. धाकटी दीड वर्षाची आहे, रात्री दोनदा तरी उठते.

टेकडीवाला: हे आधी सांगायचं ना!!

नाशिकची_काकू: अगं बाळा, कालनिर्णयवर दुधाचा हिशोब लिहितेस ना? दूधवाल्याने एक दिवस खाडा केला तर त्या चौकोनात "खाडा" लिहायचं, पैसे कापायचे, दुसऱ्या दिवशी पातेलं पुन्हा दाराशी. एक तारखेपर्यंत कोरा चहा पितेस का? आणि झोप मोडलेल्या बाईने साडेपाचला उठूच नये, माझं स्पष्ट मत. संध्याकाळी कर, तीन कर, पण त्याच चौकोनात आकडा लिही. शून्य आला तर शून्य लिही, पान फाडू नकोस.

फोडणी: काकू 🙏

टेकडीवाला: 24 म्हणजे दोन्ही पाय मिळून एक धरता की वेगवेगळे? आमच्याकडे रथसप्तमीला 108 घालतात तेव्हा दरवर्षी यावरून वाद होतो.

दोनच_वेळा: दोन्ही मिळून एकच.

आकडेमोड: चूक. वेगवेगळे.

शेवग्याची_शेंग: काकू, पान खरंच फाडलं होतं, मार्चचं. तुम्हाला कसं कळलं?

आज 28, मुहूर्त कसलाच नाही. ऑफिसमधून आले, कुकर लावला आणि तीन शिट्ट्या होईपर्यंत जेवढे होतील तेवढे घातले, 5 झाले, सहाव्याला धाकटी पाठीवर चढून बसली. दुधाच्या "1 लि" खाली "5" लिहिलाय. उरलेल्या 19 ची टोचणी आहेच, खोटं कशाला बोलू. साखर आजही खाल्ली.

टेकडीवाला: 5 म्हणजे दोन्ही पाय मिळून?