'दाम' थेट ग्रीकांकडून आला की इराणमार्गे?

धागा: ग्रीक 'द्राख्मे' म्हणजे मूठभर. नाण्यांआधी तिथे लोखंडी सळ्या, 'ओबेलोस', चलन म्हणून चालत. मुठीत सहा मावत, म्हणून सहा ओबोलांचा (सळीवरूनच नाव पडलेल्या नाण्यांचा) एक द्राख्मे. माझ्या मते आपला 'दाम' थेट इंडो-ग्रीक, म्हणजे वायव्य भारतातल्या ग्रीक राजांच्या, नाण्यांवरून आला. पेरिप्लस हे पहिल्या शतकातले ग्रीक प्रवासवर्णन सांगते की मिनँडर आणि अपोलोडोटस या इंडो-ग्रीक राजांचे जुने द्राख्मे भडोचला तेव्हाही चालत होते. आणि द्रम्म-दम्म-दाम ही वाट कर्म-कम्म-काम, चर्म-चम्म-चाम यांसारखीच. चामाची चमडी, दामाची दमडी!

प्रतिसाद १: मूळ ग्रीक हे मान्य, वाट अमान्य. पेरिप्लसचा लेखक ग्रीकभाषी, तो चांदीच्या नाण्याला द्राख्मेच म्हणणार. इथले लोक काय म्हणत ते नाशिकच्या लेण्यात कोरलेले आहे. त्याच सुमाराचा क्षत्रप राजा नहपान, त्याचा जावई उषवदात याने विणकरांच्या एका श्रेणीकडे (व्यवसाय-संघाकडे) २००० 'काहापण' (नाणी) दरमहा शेकडा १ व्याजाने ठेवले, दुसऱ्या श्रेणीकडे १००० पाऊण टक्क्याने. याच नहपानाच्या नाण्यांवर ग्रीक अक्षरे आहेत (१९०६ साली जोगळटेंभीला तेरा हजारांवर नाणी सापडली), तरी शब्द देशीच. 'द्रम्म' आपल्याकडे ठळक दिसतो तो नवव्या शतकात, कान्हेरीच्या शिलाहारकालीन लेखांत. मधल्या काळात हूणांबरोबर इराणच्या सासानी राजवटीची नाणी आली आणि त्यांच्या नकलांतून इथली 'गधैया' नावाची नाणी घडली. सासानी नाण्याचे नाव 'द्रह्म'. अरबी दिरहमही त्यातूनच.

धागाकर्ता: दानलेखांची भाषा साचेबंद असते. लेखात शब्द नाही म्हणून बाजारात नव्हता, हे सिद्ध होत नाही.

प्रतिसाद १: मग वजन पाहा. इंडो-ग्रीक द्राख्मे सुमारे २.४ ग्रॅमचा, सासानी द्रह्म आणि गधैया ४ ग्रॅमच्या आसपास. नाव वजनाबरोबर आले असेल तर इराणचेच पारडे जड.

प्रतिसाद २: वजनावर एवढी भिस्त नको. अकबराचा 'दाम' तांब्याचा, जवळपास २१ ग्रॅमचा, रुपयाला ४०. धातू बदलला, वजन बदलले, नाव टिकले. आणखी एक: 'साम, दाम, दंड, भेद' हा पुरावा म्हणून कोणी आणू नये. मूळ संस्कृत चौकडीत 'दान' आहे, दाम नंतर शिरला. 'दामदुपट' मात्र खरा आपला: व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही हा नियम. तिथे दाम म्हणजे नाणे नव्हे, रक्कम.