बाबूजींचं 'जगाच्या पाठीवर' : तुमचे अनुभव?

रानजाई :
आज शेजाऱ्यांकडे बाबूजींच्या चालीचं 'ज्योति कलश छलके' लागलं आणि माझी कणीक परातीतच राहिली. कॉलेजपासून बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, माझं दैवत. एवढा सोज्वळ आवाज, मला वाटायचं माणूस तूपभातावर वाढलेला असणार. नंतर 'जगाच्या पाठीवर' हे त्यांचं आत्मचरित्र हाती आलं. पानापानावर उपासमार, वणवण. आणि कुठे रडगाणं नाही! त्यानंतर 'तोच चंद्रमा नभात' पूर्वीसारखं ऐकताच येत नाही. तुमचं असं कुणाच्या बाबतीत झालंय का? लिहा.

चिंचगुळ :
सासूबाईंच्या डायलिसिसला बसून वाचलं. कँटीनचा वडा मागवला होता, पण ती भुकेची पानं वाचताना घशाखाली उतरेना. शेवटी सासूबाईंनीच हाणला. पथ्य गेलं उडत 😀

खर्जातला :
माझी तक्रार आहे. पुस्तक अपुरं राहिलं, गीतरामायणापर्यंत पोचतच नाही! १९५५च्या रामनवमीपासून वर्षभर, दर आठवड्याला नवं गाणं, एकूण ५६. ग.दि.मा. गाणं देणार ऐनवेळी, ह्यांनी चाल बांधायची, वादक बसवायचे. ते त्यांच्याच तोंडून वाचायचं होतं हो.

पारिजातक :
आजी सांगायची, वाड्यात रेडिओ एकच. शुक्रवारी सकाळी पुणे केंद्र लागलं की त्यालाच हार, उदबत्ती.

मुक्काम नाशिक :
आमचे बाबा गाण्यातले औरंगजेब. पण १९५४च्या दादरा-नगर हवेली मुक्तिलढ्यात बाबूजी होते म्हणून त्यांच्यापुढे हात जोडायचे. गाणं लागलं की मात्र, "आवाज कमी कर!"

चिंचगुळ :
@नाशिक, सेम टु सेम आमचे हे.
आणि बाबूजी-ललिताबाईंच्या लग्नात मंगलाष्टकं म्हणायला रफीसाहेब होते, माहितीये ना? आमच्याकडे भटजींचा माईकसुद्धा बंद पडला होता.

खर्जातला :
😂😂

गोधडी :
मी अर्धंच वाचलंय. धाकट्याच्या परीक्षा चालू आहेत, नंतर सविस्तर लिहिते. @रानजाई, कणकेचं काय झालं?

रानजाई :
पोळ्या वातड. लेक म्हणतो, बाबूजींना बिल पाठव.
@गोधडी, पूर्ण कर गं. माझी प्रत दिली असती, पण भिशीतल्या एकीने नेलीये. दर महिन्याला भेटते, गोड हसते, पुस्तकाचं नाव काढत नाही.

पारिजातक :
आमच्या भिशीत आहे की काय ती?