एर्बिलशी तुर्कस्तानची मैत्री आहे की एर्बिलवर पकड?

मूळ मुद्दा :
इराकमधील कुर्दिस्तान प्रदेशाशी तुर्कस्तानचे संबंध मैत्रीचे असल्याचे सांगताना २०११ मधील तुर्कस्तानचे नेते एर्दोगान यांची या प्रदेशाच्या राजधानीला, म्हणजे एर्बिलला दिलेली भेट आणि २०१४ पासून तुर्कस्तानच्या जेहान बंदरातून बाहेर जाऊ लागलेले कुर्दी तेल यांचे दाखले दिले जातात. मला ही मैत्री वाटत नाही. ज्याचे उत्पन्न आपल्याच भूमीतून जाणाऱ्या वाहिनीवर अवलंबून आहे, त्याला मान वर करता येत नाही, हे अंकाराने, म्हणजे तुर्की सरकारने, ओळखले होते. म्हणूनच कुर्दिस्तानच्या २५ सप्टेंबर २०१७ च्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक मते इराकपासून स्वातंत्र्याच्या बाजूने पडली, त्या दिवशी एर्दोगान यांनी थेट तेलवाहिनीची झडप बंद करण्याची भाषा केली.

प्रतिसाद १ :
धमकी दिली, पण झडप बंद केली नाही, हे आपण लिहिलेले नाही. २०१४ च्या आरंभी बगदादने, म्हणजे इराकच्या केंद्र सरकारने, कुर्दिस्तानच्या वाट्याचा निधी अडवला, तेव्हा समुद्रकिनारा नसलेल्या या प्रदेशाला कर्मचाऱ्यांचे पगार भागवण्यासाठी तुर्कस्तानखेरीज कोणती वाट होती? मार्च २०२३ मध्ये तेल थांबले तेही आपल्या परवानगीशिवाय कुर्दी तेल बाहेर जाऊ दिल्याबद्दल बगदादने दाखल केलेल्या दाव्यात आंतरराष्ट्रीय लवादाने तुर्कस्तानला सुमारे दीड अब्ज डॉलर भरपाई द्यायला सांगितल्यानंतर. कुर्दिस्तानच्या सत्तेतील ज्या बारझानी घराण्याने ही वाट निवडली, त्याला केवळ बाहुले मानणे हा कुर्दांच्याच राजकीय शहाणपणाचा अवमान आहे.

प्रतिसाद २ :
आपण दोघेही तेलाविषयीच बोलत आहात, आणि मला कुर्दिस्तानातील, तुर्कस्तानच्या सीमेलगतच्या दुहोक प्रांतातील डोंगराळ गावे आठवतात. तुर्कस्तानशी लढणाऱ्या पीकेके या सशस्त्र कुर्दी संघटनेविरुद्धच्या मोहिमांसाठी तुर्की सैन्याने तेथे ठाणी उभारली आणि कित्येक गावे ओस पडली. २० जुलै २०२२ रोजी झाखोजवळच्या पर्यटनस्थळावर तोफगोळे पडून नऊ पर्यटक मृत्युमुखी पडले. इराकने तुर्कस्तानला जबाबदार धरले, तुर्कस्तानने ते नाकारले. एर्बिलच्या नेत्यांना व्यापार मिळतो, पण त्याची किंमत शेती आणि मधमाश्या सोडून निघालेले गावकरी मोजतात.

मूळ लेखकाचे उत्तर :
झडपेबाबतची आपली दुरुस्ती मान्य आहे. बगदादच्या अडवणुकीने एर्बिलला अंकाराकडे ढकलले, हेही खरे. मात्र अडचणीत सापडलेल्याने निवडलेली वाट ही समान मैत्री ठरत नाही. दुहोकच्या गावांचा मुद्दा तर मीच आधी मांडायला हवा होता. पीकेकेने मे २०२५ मध्ये स्वतःचे विसर्जन जाहीर केले आहे. ठाणी केवळ तिच्यासाठीच होती, तर ती हटवण्याची मागणी एर्बिलने आता उघडपणे केली पाहिजे.

प्रतिसाद १ :
शस्त्रे खरोखर खाली ठेवली गेल्याची खात्री पटेपर्यंत कोणतेही राज्य सीमा मोकळी सोडणार नाही. मात्र ती खात्री पटल्यावरही ठाणी तशीच राहिली, तर मी आपल्या बाजूने लिहीन.