मुक्काम न करता पंचतारांकित हॉटेलात नाश्ता: बुफे घ्यावा की मागवून खावं?

हिशेबी_माणूस
आई-वडिलांना मुंबईत, शक्यतो कुलाबा किंवा नरिमन पॉइंटला, चांगल्या हॉटेलात नाश्त्याला न्यायचं आहे. खोली घ्यायची नाही. वडिलांना मधुमेह आहे. आईला गुडघ्यांमुळे फार वेळ उभं राहवत नाही आणि नेमकी त्या दिवशी संकष्टी आहे. बुफे घ्यावा की मेनूवरून मागवावं? वेळ कोणती बरी? आणि फोनवर जो आकडा सांगतात त्यावर प्रत्यक्षात किती चढतात?

गरम_तवा
वेळेपासून सुरुवात करतो, कारण निम्मी चव तिच्यावर अवलंबून असते. बहुतेक ठिकाणी नाश्ता सात ते साडेदहा असतो, रविवारी कुठे कुठे अकरापर्यंत. साडेआठ ते दहा ही गर्दीची वेळ. मुक्कामाची माणसं तेव्हाच खाली उतरतात आणि डोशाच्या तव्यापुढे रांग लागते. साडेसातला टेबल धरा. (रविवारचा ब्रंच वेगळा. तो दुपारी सुरू होतो आणि बराच महाग असतो. फोनवर 'ब्रेकफास्ट बुफे' असं स्पष्ट विचारा.)

बुफेत काय घ्यावं? झाकणाच्या भांड्यात अन्न साठ अंशांच्या वर राखावं लागतं, नाहीतर ते खराब होण्याचा धोका. पण तेवढ्या उष्णतेत आणि वाफेत काही पदार्थांचा जीव जातो. स्क्रॅम्बल्ड एग घट्ट होऊन पाणी सोडतं, उपम्याचा गोळा होतो, मेदुवडा मऊ पडतो, इडलीचा वरचा पापुद्रा वाळतो. सांबार, छोले, भाजलेले टोमॅटो, बेक्ड बीन्स मात्र तिथे छान टिकतात. म्हणून अंडी आणि डोसा कायम समोर करून घ्यायचे, रसदार पदार्थ भांड्यातून. इडली हवी असेल तर 'ताजी वाफवून मिळेल का' एवढं विचारायचं. दहा-बारा मिनिटं लागतात, पण सहसा देतात.

पोच्ड अंडं (फोडून, कवचाशिवाय गरम पाण्यात शिजवलेलं) मागवताना एक लक्षात ठेवा. गर्दीच्या स्वयंपाकघरात ती आधीच करून बर्फाच्या पाण्यात ठेवतात आणि मागणी आली की मिनिटभर गरम पाण्यात सोडतात. घाई झाली तर पांढरं गरम आणि बलक थंड येतो. तसं आलं तर संकोच न करता बदलून मागा. शांत वेळी 'आत्ता फोडून करा' म्हटलं तर तीन-चार मिनिटांत ताजं मिळतं.

पावसाळ्यात क्रोसाँ दमट हवेने लवचिक होतो. तो ओव्हनमध्ये दोन-तीन मिनिटं गरम करून मागा. फिरत्या पट्ट्याच्या टोस्टरमध्ये स्वतः घालू नका. लोण्याचे थर वितळून तो आत अडकतो आणि जळतो.

बिलवाचक
आकड्यांचं मी सांगते. फोनवर '१५०० प्लस प्लस' म्हणाले की कर आणि सेवाशुल्क दोन्ही वेगळे. ज्या हॉटेलात आदल्या आर्थिक वर्षात एखाद्या खोलीचंही भाडं दिवसाला ₹७,५०० च्या वर गेलं असेल, तिथल्या रेस्टॉरंटला १८ टक्के जीएसटी लागतो. तुम्ही म्हणता त्या भागातली मोठी हॉटेलं याच गटातली. म्हणजे उदाहरणादाखल १५०० चे झाले १७७०. दहा टक्के सेवाशुल्क धरलं तर कर १६५० वर लागतो आणि बिल १९४७ होतं. माणशी १७७ रुपयांचा फरक पडतो.

सेवाशुल्क बंधनकारक नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला ती कायम ठेवली. काढून टाका म्हणायला लाजू नका. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. पण वाढपी मनापासून वागला असेल तर त्याच्या हातात टीप जरूर द्या, ती मी कधीच अनाठायी मानत नाही. सेवाशुल्क आधीच भरलं असेल तर दोनदा देण्याचं कारण नाही.

तिसरी_पंगत
गरम_तवा यांचं पदार्थांबाबत पटतं, पण या तिघांसाठी तीन बुफे घेणं मला चुकीचं वाटतं. उपासाच्या माणसाने बुफेचे पूर्ण पैसे कशाला भरायचे? वडिलांसाठी बुफे आणि आईंसाठी मेनूवरून असं बहुतेक ठिकाणी चालतं. फक्त बुफेच्या ताटातलं दुसऱ्याला देऊ देत नाहीत, तेव्हा टेबल धरतानाच सांगून टाका.

साबुदाण्याची खिचडी हवी असेल तर आदल्या दुपारपर्यंत कळवा, साबुदाणा भिजायला चार-पाच तास हवेत. सांगताना मोघम 'उपासाचं' म्हणू नका, शेफ परप्रांतीय असू शकतो. तूप, जिरं, हिरवी मिरची, बटाटा, दाण्याचं कूट, सैंधव. हळद, मोहरी, कांदा-लसूण नाही, असं नेमकं लिहून पाठवा. कढई वेगळी घ्यायला सांगा. तळलेला बटाटा मात्र टाळा, कारण तेल बहुधा तेच असतं ज्यात वडे तळलेत. चंद्रोदयापर्यंत फक्त फळंच घेत असतील तर कापलेल्या फळांची थाळी आणि चहा पुरे.

वडिलांसाठी: जगमधला रस, फळांचं दही आणि भिजवलेलं म्यूसली यांत साखर किंवा मध दडलेला असतो. आधी अंडं किंवा मुगाचं धिरडं, साधं दही, मग अर्धा डोसा. इन्सुलिन असेल तर ताट समोर आल्यावरच घ्यावं की कसं, हे डॉक्टरांना आधी विचारून ठेवा, कारण काउंटरवर वीस मिनिटंही जाऊ शकतात.

हिशेबी_माणूस
फार उपयोगी. समुद्र दिसेल असं टेबल मिळेल का? आणि आईला काउंटरपर्यंत चालावं लागेल का?

गरम_तवा
ताजमध्ये सी लाउंज पहिल्या मजल्यावर गेटवेच्या बाजूला आहे, पण त्याची ओळख दुपारच्या हाय टीची. नाश्ता कुठे लावतात आणि खिडकीचं टेबल राखून ठेवतात का, हे रेस्टॉरंटचं नाव घेऊनच विचारा. रिसेप्शनवर विचारलं तर मोघम उत्तर मिळतं.

आईंना उठायची गरज नाही, वाढपी सगळं जागेवर आणून देतात. टेबल धरताना पाठ असलेली, हाताची खुर्ची मागा. खोल सोफ्यावरून उठताना गुडघ्यांना त्रास होतो. पोर्चमध्ये व्हीलचेअर मिळते, गाडीतून उतरण्याआधी दरवानाला सांगा. दाराशी सामानाची तपासणी असते, तेव्हा दहा मिनिटं हाताशी ठेवा.