पहिलं स्टुडिओ पोर्ट्रेट, खिडकीचा उजेड आणि तंबोरा: गालावर काळा पट्टा येतोय

नवखा_कॅमेरा:
रविवारी एका गायिकेचं पोर्ट्रेट काढायचंय. खोली १२ बाय १५ फूट, उत्तरेला एकच खिडकी, ४ बाय ५ फुटांची, जमिनीपासून ३ फुटांवर. फ्लॅश नाही. क्रॉप सेन्सरचा (लहान सेन्सरचा) कॅमेरा, ५० एमएम एफ/१.८ लेन्स, ट्रायपॉड. त्या मांडी घालून जमिनीवर बसणार, हाती तंबोरा. खिडकी कॅमेऱ्याच्या डाव्या हाताला ठेवून चाचणी घेतली तर गालावर उभा काळा पट्टा, भोपळ्यावर पांढरा डाग आणि चेहऱ्याची एक बाजू हिरवट. काय बदलू?

झरोका:
पट्टा म्हणजे तंबोऱ्याच्या दांडीची सावली. तंबोरा त्यांच्या उजव्या अंगाला, म्हणजे तुमच्या डावीकडे, आणि खिडकीही तिकडेच. मोठ्या खिडकीची सावली मऊ पडते खरी, पण आडोसा चेहऱ्यापासून लांब असेल तरच. दांडी गालापासून जेमतेम वीतभर असते, तिची सावली ठळकच राहणार.

बैठक फिरवा. खिडकी त्यांच्या डावीकडे येऊ द्या. मग तंबोरा सावलीत जाईल, त्याच्या बाजूला ३ बाय ४ फुटांचा पांढरा सनबोर्ड (हलका, ताठ फोमचा पुठ्ठा) उभा करा, फ्रेमच्या जरा बाहेर, साधारण अडीच फुटांवर. चेहरा सपाट दिसायला लागला की बोर्ड थोडा थोडा मागे न्या.

जमिनीवर मात्र बसवू नका. खिडकीची चौकट ३ फुटांवर सुरू होते, त्यामुळे उजेड वरून उतरतो आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. दीड फूट उंचीचा दिवाण घ्या. खिडकीपासून ४ फूट अंतर, आणि खिडकीच्या मध्यापासून फूटभर मागे (कॅमेऱ्यापासून दूर), म्हणजे उजेड किंचित समोरून येईल आणि दोन्ही डोळ्यांत चमक दिसेल.

हिरवट छटेसाठी आधी ट्यूबलाइट बंद करा. तरी राहिली तर भिंतीचा रंग बघा. रंगीत ऑइलपेंटची भिंत आपला रंग गालावर टाकते. तिच्यावर पांढरी चादर टांगा. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंगछटा जुळवणी) ऑटोवर नको, त्यांच्या हातात ग्रे कार्ड (ठरावीक राखाडी रंगाचं कार्ड) देऊन एक फोटो घ्या आणि तोच सेट करा.

पोटमाळा:
भोपळ्यावरचा डाग म्हणजे पॉलिशमध्ये दिसणारी खिडकी. गोल पृष्ठभागावर कुठला तरी कोन खिडकी दाखवतोच, त्यामुळे डाग पूर्ण जात नाही, सरकतो. बाजू बदलल्यावर कमी त्रास देईल. उरलेल्यासाठी खिडकीवर पांढरी मलमल लावा: डाग पसरतो पण फिका होतो. उजेड साधारण एक स्टॉप कमी होईल, म्हणजे निम्मा. पोलरायझरने (लेन्सवर लावायच्या चमक कापणाऱ्या फिल्टरने) पॉलिशची चमक घटते, धातूच्या तारांची नाही. शिवाय दीड-दोन स्टॉप उजेड जातो आणि त्वचेचं तेजही. माझ्या मते नकोच. थोडी चमक हवी, नाहीतर भोपळ्याची गोलाई कळणार कशी?

लेन्स पूर्ण उघडी, एफ/१.८ला ठेवू नका. २ मीटरवर फोकसची खोली (पुढे-मागे जेवढं शार्प दिसतं ते अंतर) जेमतेम ११-१२ सेंटिमीटर, डोळा शार्प तर बोटं धूसर. एफ/४ला ती सुमारे २५ सेंटिमीटर होते. एफ/४, शटर १/१२५ सेकंद, आयएसओ ८००पासून सुरू करा, मलमल असेल तर १६००. मॅन्युअलवरच राहा: मागे काळं कापड असेल तर कॅमेरा ते उजळवायला जातो आणि कपाळ जळतं. खिडकीकडच्या गालावर स्पॉट मीटर करा, म्हणजे फक्त तेवढ्या जागेचा उजेड मोजा.

नवखा_कॅमेरा:
अख्खा तंबोरा यायला हवा का?

पोटमाळा:
तुमच्या खोलीत जमणार नाही. साडेचार फुटी तंबोरा उभ्या फ्रेममध्ये घ्यायला या लेन्सने निदान ११ फूट मागे जावं लागेल, आणि मागचा पडदाही त्यांच्यापासून ४-५ फूट दूर हवा, नाहीतर सावली त्यावर पडते. खोली संपलीच की! २ मीटरवरून कमरेपासून वर घ्या. फ्रेमची कड खुंट्यांच्या मधून किंवा बोटांवरून कापू नका, भोपळा अर्धा कापला तर चालेल.

खर्जातला:
हात नीट बसवा, गाण्यातले लोक आधी तेच बघतात. काठी धरल्यासारखी मूठ नको. मधलं बोट पहिल्या तारेवर, बाकीच्या तिन्हींवर तर्जनी, दांडी खांद्याला टेकलेली. फोटोसाठी नुसता हात ठेवायला सांगू नका, तंबोरा खरंच छेडू द्या. बोट छेडून सुटतं त्या क्षणी शटर दाबा. १/१२५ला तार जराशी थरथरलेली दिसते, ती छानच दिसते. त्याआधी घोडीवरचे (भोपळ्यावरच्या, तारा टेकतात त्या पट्टीवरचे) जवारीचे दोरे, म्हणजे तारांचा नाद खुलवणारे बारीक धागे, जागेवर आहेत का पाहा, निसटला असेल तर तार ठणठणते आणि गायिकेच्या कपाळावर आठी येते. मिरजेच्या तंबोऱ्यांवर नक्षी दाट असते, तिच्या खाचांत धूळ बसते. आडव्या उजेडात ती पांढरी दिसते. मऊ कोरड्या ब्रशने काढा, ओलं कापड पॉलिशला लावू नका. बोटांचे ठसे सुती फडक्याने.

झरोका:
आणि वेळ सकाळी १० ते १२ची धरा. उत्तरेच्या खिडकीत तेव्हा उजेड बऱ्यापैकी टिकतो, पण ढग आले की स्टॉपभर पडतो. दर दहा मिनिटांनी मीटर पुन्हा बघा.